ब्रेस्ट इम्प्लांटचा साइज कसा ठरवायचा? सीसीचा आकडा सगळ्यात शेवटी

पहिल्या कन्सल्टेशनला मी आकडा पाठ करूनच गेले होते. ४५०. ओळखीतल्या एकीने ४५० सीसी बसवून घेतले होते आणि तिला ते इतके शोभत होते की मला वाटलं झालं, ठरलं, आता फक्त तारीख घ्यायची. सर्जनबाईंनी सगळं ऐकून घेतलं, खणातून स्टीलचा कॅलिपर काढला आणि माझ्या छातीवर टेकवला (गार लागतो, दचकायला होतं). मग म्हणाल्या, "तुमच्या स्तनाची रुंदी १२.२ सेंटिमीटर आहे. तुम्ही म्हणताय तो इम्प्लांट साध्या प्रोफाइलमध्ये १४ च्या आसपास जातो. वरचं ठेवू कुठे, काखेत?"

मला हसू पण आलं आणि थोडा रागही आला. घरी येऊन शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की मी उलट्या टोकाने सुरुवात केली होती. आधी शरीराची मापं, मग प्रोफाइल (इम्प्लांट किती रुंद आणि किती पुढे येणारा ते), मग सीसी. हा क्रम मला कोणी आधी सांगितला असता तर तीन-चार महिने वाचले असते, म्हणून लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तुम्हाला तपासणाऱ्या सर्जनचाच, पण त्यांच्यासमोर बसताना ते काय बोलतायत हे कळावं एवढं तरी यातून नक्की मिळेल.

१. आधी कप साइज डोक्यातून काढा

"मला सी कप हवाय" हे वाक्य सर्जनसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. कप हा ब्रा बनवणाऱ्यांचा हिशोब आहे आणि तोही कंपनीगणिक बदलतो. शिवाय कप बँडवर (छातीखालच्या घेराच्या मापावर) अवलंबून असतो, म्हणजे ३२डी, ३४सी आणि ३६बी या तिन्ही ब्रांमध्ये साधारण सारखंच आकारमान मावतं. नाव डी आहे म्हणून मोठं आणि बी आहे म्हणून लहान असं काही नसतं.

इम्प्लांट सीसीत मोजतात, १ सीसी म्हणजे १ मिली. "१५० ते २०० सीसीला एक कप वाढतो" असा एक ढोबळ हिशोब सगळीकडे ऐकू येतो, पण बारीक अंगाच्या बाईला त्याहून कमीत फरक दिसतो आणि रुंद छातीच्या बाईवर तेवढेच सीसी कुठे गेले ते कळतही नाही. म्हणून "अमुक कप नक्की होईल" असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर मला तरी तिथे शंका येईल.

आणि मुख्य म्हणजे ३०० सीसी हा तुमचा अंतिम आकार नसतो, ती तुमच्या मूळ स्तनात पडणारी भर असते. जिच्याकडे आधीच बऱ्यापैकी टिश्यू (स्तनाचा स्वतःचा मांसल भाग) आहे तिचे ३०० आणि अगदी सपाट छातीचे ३०० एकमेकांशेजारी ठेवले तर कोणी म्हणणार नाही की इम्प्लांट एकच आहे.

२. मापं: खरा निर्णय इथेच होतो

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि बहुतेक जणी हीच सर्जनवर सोडून मोकळ्या होतात. मापं घेतील सर्जनच, पण तुम्ही ती विचारा आणि लिहून घ्या. माझ्याकडे एक छोटी वही होती, प्रत्येक कन्सल्टेशनचे आकडे तिच्यात, आणि दोन वेगळ्या सर्जननी घेतलेली मापं जुळली तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला.

स्तनाची रुंदी. स्तन आतल्या बाजूला, छातीच्या मधल्या हाडाजवळ जिथे सुरू होतो तिथपासून बाहेर काखेकडे जिथे संपतो तिथपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर. सरळ रेषेतलं, हे लक्षात ठेवा. घरी शिवणाच्या टेपने मोजलंत तर टेप गोलाईवरून फिरते आणि आकडा उगाच मोठा येतो, मी तसंच १४.५ काढून खूश झाले होते. म्हणून कॅलिपर लागतो. इम्प्लांटचा व्यास साधारण या रुंदीइतका किंवा त्याहून थोडा कमी ठेवतात, कारण तुमचा स्वतःचा टिश्यूही बाजूने थोडी जागा घेतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ते इथे अगदी सेंटिमीटरमध्ये लागू होतं.

चिमटा. स्तनाच्या वरच्या भागात कातडी आणि खालची चरबी चिमटीत धरून जाडी मोजतात. ती २ सेंटिमीटरच्या आत असेल तर इम्प्लांटची कड वरून दिसायची, सुरकुत्या जाणवायची शक्यता वाढते, म्हणून अशा वेळी बरेच सर्जन इम्प्लांट स्नायूच्या खाली किंवा अर्धा खाली ठेवायचं सुचवतात. माझी जाडी १.६ होती. तो विषय तिथेच संपला.

कातडीचा ताण. निप्पलच्या भोवतालची कातडी पुढे ओढून बघतात किती येते. कमी येत असेल तर कातडी घट्ट आहे, मोठा इम्प्लांट आत कोंबला जाईल. जास्तच येत असेल (बाळंतपणानंतर, खूप वजन उतरल्यावर) तर भरायला जागा आहे पण ती कातडी वजन किती पेलेल हा वेगळा प्रश्न.

निप्पलपासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर. स्तन खाली जिथे छातीला मिळतो ती घडी. हे अंतर कमी असेल आणि इम्प्लांट मोठा असेल तर सर्जनना घडी खाली सरकवावी लागते आणि सरकवलेली घडी कधीकधी नीट टिकत नाही.

गळ्याखालच्या खळगीपासून निप्पलपर्यंतचं अंतर. दोन्ही बाजूंचं वेगळं मोजतात. यातूनच मला कळलं की माझी डावी बाजू उजवीपेक्षा एक सेंटिमीटर खाली आहे आणि थोडी लहानही आहे, इतकी वर्षं आरशात बघत होते, कधी लक्षात आलं नव्हतं. घाबरू नका, थोडाफार फरक जवळजवळ सगळ्यांनाच असतो. फरक जास्त असेल तर दोन बाजूंना वेगळे सीसी घालतात. माझे उजवीकडे २७५ आणि डावीकडे ३०० आहेत. तरीही दोन्ही तंतोतंत सारखे झालेले नाहीत, आणि निप्पलच्या उंचीतला फरक तर इम्प्लांटने जात नाहीच.

इथे एक मोठा सापळा आहे. स्तन ओघळलेले असतील, म्हणजे निप्पल खालच्या घडीच्या रेषेत किंवा त्याच्याही खाली आलं असेल, तर "मोठा इम्प्लांट घातला की वर उचललं जाईल" असं वाटतं. तसं होत नाही. इम्प्लांट भरतो, उचलत नाही. उचलायला लिफ्ट नावाची वेगळी सर्जरी असते, तिचे व्रण जास्त असतात. ती टाळायला म्हणून साइज वाढवलात तर वजनाने सगळं अजून खाली जाणार, आणि शेवटी लिफ्ट करायची वेळ येऊ शकते.

३. प्रोफाइल म्हणजे काय

त्याच सीसीचे इम्प्लांट वेगवेगळ्या आकारात येतात. एकाच मापाची माती घेऊन थापटून पसरट केली तर रुंदी जास्त आणि उंची कमी, गोळा केली तर रुंदी कमी आणि उंची जास्त. लो, मॉडरेट, मॉडरेट प्लस, हाय, एक्स्ट्रा हाय ही नावं त्याचीच. ३०० सीसीचा पसरट इम्प्लांट १३ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो तर हाय प्रोफाइलमध्ये तोच ११ च्या आसपास येतो आणि पुढे जास्त येतो. नेमके आकडे कंपनीप्रमाणे थोडे बदलतात, आणि नावंही, एका कंपनीचं मॉडरेट प्लस दुसरीकडे वेगळ्याच नावाने असतं, म्हणून नुसतं नाव ऐकून येऊ नका, व्यास आणि उंची दोन्ही सेंटिमीटरमध्ये विचारा. प्रत्येक कंपनीचा तक्ता असतो आणि सर्जनच्या टेबलावरच पडलेला असतो, तो तुमच्याकडे वळवून घ्या.

इथे हिशोब एकदम सोपा होतो. रुंदी तुमच्या छातीने ठरवली, किती पुढे यायला हवं ते तुम्ही ठरवलं, तक्त्यात ती ओळ शोधली की सीसी आपोआप समोर येतात, तेही दोन-तीनच पर्याय. माझ्यासमोर शेवटी २७५, ३०० आणि ३२५ एवढेच उरले. कुठे ते ४५० आणि कुठे हे.

अरुंद छातीच्या बायकांना मोठं हवं असेल तर हाय प्रोफाइल हाच मार्ग सुचवला जातो, पण त्यात वरचा भाग गोल, फुगीर दिसू शकतो. काहींना तोच लूक हवा असतो, त्यात चूक काही नाही, फक्त "नैसर्गिक उतार हवाय" आणि "एक्स्ट्रा हाय हवाय" ही दोन वाक्यं एकाच दमात म्हणू नका. मी म्हटली होती.

४. सिलिकॉन की सलाइन, गोल की थेंबासारखा

हे पटकन सांगते कारण साइजवर याचा परिणाम थोडाच आहे. सलाइनमध्ये मिठाचं पाणी असतं, रिकामं पाकीट आत घालून मग भरतात, त्यामुळे काप लहान लागतो आणि ठरलेल्या मर्यादेत थोडं कमीजास्त भरता येतं. पण पातळ कातडीखाली सुरकुत्या जास्त जाणवतात. सिलिकॉन जेल हाताला जास्त खरं लागतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) आकार वाढवण्यासाठी सलाइनला १८ आणि सिलिकॉनला २२ वर्षं ही किमान वयं ठेवली आहेत. थेंबाच्या आकाराचा इम्प्लांट आत फिरला तर स्तनाचा आकारच बदलतो, गोल फिरला तरी कोणाला कळत नाही.

पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरखरीत हे मात्र आवर्जून विचारा. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती होणाऱ्या एका दुर्मिळ लिम्फोमाशी (रोगप्रतिकार पेशींच्या कॅन्सरशी) संबंध दिसल्यामुळे २०१९ मध्ये अॅलर्गनचे बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवले गेले.

५. घरची ट्रायल: तांदळाची पिशवी

कन्सल्टेशनमध्ये स्पोर्ट्स ब्रात सायझर (साइज बघायचा नमुन्याचा इम्प्लांट) घालून आरशासमोर उभं करतात, पाच मिनिटं. पाच मिनिटांत सगळंच छान वाटतं. म्हणून घरी करा.

लागणारं सामान: जुने नायलॉनचे स्टॉकिंग किंवा पातळ मोजे, मिलीच्या खुणा असलेला मापाचा कप, कच्चे तांदूळ, शिवण नसलेली पॅड नसलेली स्पोर्ट्स ब्रा, आणि एक अंगाबरोबर बसणारा टीशर्ट.

कपात ३०० मिलीच्या खुणेपर्यंत तांदूळ मोजा, मोज्यात ओता, गाठ मारा, थापटून गोल चपटं करा, पसरट बाजू छातीकडे करून ब्रात घाला. तांदूळ मिलीतच मोजा, काट्यावर ग्रॅममध्ये नाही. तांदूळ पाण्यापेक्षा हलके असतात, ३०० ग्रॅम तांदूळ साडेतीनशे मिलीच्या वर जातात आणि तुम्ही नकळत मोठ्या साइजची ट्रायल करत बसता. वजनाचा अंदाज हवा असेल तर झिपच्या पिशवीत ३०० मिली पाणी भरून बघा (दोन पिशव्या एकात एक, मी एकच घेतली होती आणि सोफा भिजला), सिलिकॉनचं वजन जवळपास तेवढंच असतं, म्हणजे दोन्ही मिळून सहाशे ग्रॅम, कायमचे.

आणि मग आरशासमोर उभ्या राहू नका, रोजची कामं करा. निदान दोन दिवस. मी जिने चढले, बुटाची लेस बांधायला वाकले, लॅपटॉपसमोर चार तास बसले, पोटावर झोपायचा प्रयत्न केला. ४०० घेऊन अर्ध्या दिवसात मी खांदे पुढे काढून पोक काढून चालायला लागले होते, मला कळलंही नाही, घरच्यांनी विचारलं पाठ दुखतेय का. ३०० घालून संध्याकाळपर्यंत मी ते विसरूनच गेले होते. माझं उत्तर मला तिथे मिळालं.

बाहेर ब्रात ठेवलेलं आकारमान आत गेल्यावर, विशेषतः स्नायूखाली, थोडं कमी भासतं, त्यामुळे काही सर्जन घरच्या ट्रायलच्या आकड्यात थोडी भर घालतात. तुमचे घालतात का ते विचारा, नाहीतर तुम्ही स्वतःच भर घालून जाल आणि ते वर अजून घालतील.

६. फोटो आणि थ्रीडी सिम्युलेशन

सर्जनना दाखवायला फोटो न्या पण निवडताना चेहरा आणि कपडे बघू नका, खांदे, बरगड्या आणि कंबर बघा. तुमच्यासारखाच बांधा असेल तरच तो फोटो कामाचा. पाच-सहा आवडलेले आणि दोन-तीन अजिबात न आवडलेले. मला तर न आवडलेल्या फोटोंचा जास्त उपयोग झाला, कारण "नॅचरल" या शब्दाचा प्रत्येकीचा अर्थ वेगळा असतो आणि "असं नको" म्हटलं की समोरच्याला लगेच कळतं.

व्हेक्ट्रा, क्रिसॅलिक्स अशा सिस्टिमवर तुमच्याच छातीचा थ्रीडी फोटो घेऊन त्यावर वेगवेगळे इम्प्लांट बसवून दाखवतात. दोन साइजमधला फरक समजायला उत्तम. पण स्क्रीनवरच्या छातीला ना सूज असते ना कातडीचा ताण, तेव्हा हुबेहूब तसंच होईल असं धरून चालू नका.

आणि एक, २५ सीसीवरून रात्रीची झोप घालवू नका. ३०० की ३२५ हा फरक म्हणजे पाच छोटे चमचे पाणी. मी त्यावर दोन आठवडे घालवले. बरेच सर्जन ऑपरेशनच्या वेळी तात्पुरते सायझर आत घालून, टेबलाची पाठ उचलून पेशंटला बसतं करून बघतात आणि मग ठरवतात. तशी परवानगी द्यायची असेल तर मर्यादा लेखी ठरवा, "२७५ ते ३२५ च्या मध्ये, त्यावर नाही" असं.

७. "करतेच आहेस तर मोठंच कर" याचं काय करायचं

हे तुम्हाला सगळे सांगणार. ज्यांनी केलंय त्यापण सांगणार, "अजून थोडं मोठं घ्यायला हवं होतं" म्हणणाऱ्या खरंच खूप भेटतात. काही आठवड्यांत डोळ्याला नवीन आकाराची सवय होते आणि तो लहान वाटायला लागतो, हे माझंही झालं. पण लहान वाटण्याचा त्रास आरशापुरता असतो. छातीच्या मापापेक्षा मोठ्याचा त्रास असा: कातडी आणि टिश्यू वर्षानुवर्षं ताणून पातळ होतो, इम्प्लांट खाली घसरतो आणि निप्पल वर बघायला लागतं, झोपल्यावर दोन्ही काखेकडे पळतात, किंवा मधली जागाच नाहीशी होऊन दोन्ही एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. हे सगळं दुरुस्त करायला परत ऑपरेशन, आणि पातळ झालेला टिश्यू काही परत जाड होत नाही.

धावणं, पोहणं, वजन उचलणं करत असाल तर ते आधीच सांगा. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर छातीचा स्नायू आवळला की तो हलताना दिसतो, पुशअप करणाऱ्यांना हे चांगलंच जाणवतं. मूल होऊ द्यायचं मनात असेल किंवा वजन बरंच कमी करायचं असेल तर शक्यतो ते आधी उरकून घ्या, कारण त्यात मूळ स्तनच बदलतो आणि आज बरोबर बसलेला साइज उद्या वेगळा दिसतो. स्तनपान सुरू असेल तर ते थांबल्यावर काही महिने जाऊ द्या, मापं स्थिर होऊ द्या.

८. कन्सल्टेशनला जाताना

सोबत ठेवा: चालू औषधांची यादी (रक्त पातळ करणारी, हर्बल गोळ्या, सगळं), आधीच्या ऑपरेशनचे आणि अॅलर्जीचे कागद, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी झाली असेल तर रिपोर्ट, घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर कोणाला आणि कितव्या वर्षी, निवडलेले फोटो, घरच्या ट्रायलचे आकडे, आणि तो अंगाबरोबर बसणारा टीशर्ट. मी ढगळ शर्ट घालून गेले होते, सायझर घालूनही काही कळेना, परत जावं लागलं. सिगरेट ओढत असाल तर लपवू नका, जखम भरण्यावर थेट परिणाम होतो आणि ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून बंद करावी लागते.

विचारा: माझी रुंदी किती, चिमट्याची जाडी किती. या मापांना जास्तीत जास्त किती व्यासाचा चालेल. तुम्ही सुचवलेल्यापेक्षा एक साइज लहान घेतला तर काय दिसेल आणि एक मोठा घेतला तर काय बिघडेल. माझ्यासारख्या बांध्याच्या पेशंटचे वर्षभरानंतरचे फोटो आहेत का (महिन्याभराचे नकोत, तेव्हा सगळंच टवटवीत दिसतं). साइज बदलायचा झाला तर दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कोणाचा.

जो सर्जन माप न घेता आकडा सांगेल त्याच्याकडून उठून या. मी एकीकडून तशीच उठून आले, अगदी नम्रपणे, पण आले.

९. ऑपरेशननंतर लगेच निकाल लावू नका

पहिल्या आठवड्यात सूज असते, इम्प्लांट वर चढलेले, घट्ट, चौकोनी वाटतात आणि तुम्ही रडकुंडीला येऊन म्हणता फार मोठे झाले. मग सूज उतरते आणि म्हणता फार लहान झाले. दोन्ही खोटं. इम्प्लांट खाली बसून खालचा भाग भरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि दोन्ही बाजू एकाच वेळी बसत नाहीत, माझी डावी बाजू महिनाभर मागे होती. एक बाजू अचानक सुजली, लाल झाली, ताप आला तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन.

इम्प्लांटचं कार्ड मिळतं, त्यावर कंपनी, साइज, सीरियल नंबर असतो. त्याचा फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. इम्प्लांट जन्मभराचे नसतात, कधीतरी बदलावे किंवा काढावे लागू शकतात, आणि तेव्हा हाच कागद शोधाल. सिलिकॉन आत फाटला तरी बाहेरून कळत नाही, म्हणून एफडीएच्या सल्ल्याप्रमाणे पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय ५ ते ६ वर्षांनी आणि मग दर २ ते ३ वर्षांनी. मॅमोग्राफीला गेलात की इम्प्लांट आहेत हे आधीच सांगा, ते वेगळ्या पद्धतीने फोटो घेतात.

आणि नवीन ब्रा घ्यायची घाई नको. मी पाचव्या आठवड्यात हौसेने चार घेतल्या, चौथ्या महिन्यात एकही बसेना. तोवर आपली पुढून उघडणारी सर्जिकल ब्राच, आणि त्या दोन तरी घ्या, एक अंगावर, एक वाळत.